रेघांच्या तीन चिठ्ठ्या

मला पहिल्यापासून एकच धास्ती होती: ठिपक्याची चिठ्ठी त्या मुलीला येता कामा नये. बाकी पस्तीस जणांपैकी कुणालाही येवो, रडो, रुसो, घरी जाऊन माझी तक्रार करो, मी निस्तरलं असतं. निस्तरण्यात शाळेत माझा हात धरणारं कुणी नाही, कारण घोळ घालण्यातही नाही. पण तिला ती चिठ्ठी आली असती तर तिच्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहणार होते, हे मला कळत नव्हतं.

पण आधी सुरुवातीपासून सांगते, नाहीतर माझ्या वर्गातल्या मुलांसारखं व्हायचं. ती शेवट आधी सांगून मोकळी होतात आणि मग म्हणतात, बाई, पुढचं विसरलो.

नवीन पनवेलमधल्या एका मराठी शाळेत मी पाचवीला शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी मी हक्कांसाठी भांडलेल्या माणसांच्या गोष्टी सांगते आणि गोष्टीबरोबर काहीतरी करून बघायला लावते. माझा नियम एकच, गोष्टीत नाव घ्यायचं नाही. नाव आधी सांगितलं की मुलं हाताची घडी घालून बसतात. जयंतीची भाषणं पाठ करून करून ‘थोर’ आणि ‘महान’ त्यांच्या जिभेवर तयारच असतं, आणि तो माणूस कधी तहानला होता, कधी घाबरला होता, हे डोक्यात शिरतच नाही. म्हणून नाव शेवटी, आणि तेही मुलांनीच ओळखायचं. ही सवय इतकी मुरली आहे की आत्ता लिहितानाही मला कुणाचं नाव घ्यावंसं वाटत नाही.

शाळेत शिकवायला जाताना अंगावर शेण झेलणाऱ्या शिक्षिकेची गोष्ट सांगितली, तेव्हा सगळ्यांना दप्तरात एक जास्तीचा कपडा घालून आणायला सांगितलं होतं. रोज दुसरं लुगडं पिशवीत घेऊन निघणं म्हणजे काय, ते जरा खांद्याला कळावं म्हणून. अमेरिकेतल्या बसमध्ये जागेवरून न उठलेल्या बाईची गोष्ट सांगितली, तेव्हा बाकांची बस केली. जो कंडक्टर झाला होता तो इतका रंगात आला की त्यानं मलाच मध्ये उतरवलं.

ती मुलगी जूनमध्ये आमच्याकडे आली. आधी घरचे सगळे कल्याणला होते, मग विचुंब्याच्या नव्या इमारतींत त्यांनी फ्लॅट घेतला. आई हॉस्पिटलमध्ये नर्स, वडील बेलापूरला नोकरीला. तिसऱ्या बाकावर बसायची. पहिले चार महिने मी तिचा आवाज हजेरीपुरता ऐकला. प्रश्न विचारला की उभी राहायची आणि बाकाच्या खिळ्याकडे बघत राहायची. मी मुळातच तापट. एकदा म्हणाले, “अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?” वर्ग हसला, ती हसली नाही. घरी गेल्यावर मला माझीच लाज वाटली, पण लाज वाटून बोललेलं परत थोडंच घेता येतं.

मग बसच्या गोष्टीचा शनिवार आला. मी विचारलं, ती बाई उठली का नाही? कुणी म्हणालं पाय दुखत होते, कुणी म्हणालं तिचा स्टॉप जवळ आला होता. आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, “तिनं तिकीट काढलं होतं, बाई.” मी हातातला खडू खाली ठेवला. इतक्या वर्षांत ती गोष्ट मला कुणी एवढी सरळ करून सांगितली नव्हती. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. शेजारच्या मुलीशी तिची गट्टी जमली. ही मैत्रीण जुन्या पनवेलची, अब्बा कुवेतला, आणि बडबड अशी की हिच्या तोंडाला झाकण कुठून आणावं कळायचं नाही. दोघी शनिवारी नाव ओळखण्यात पहिल्या असायच्या. मला त्या मुलीचा तो आवाज जपायचा होता. माझं काय असेल ते सगळं त्या आवाजात अडकलं होतं.

आता रजिस्टरचं सांगायला हवं. दर जुलैत शिष्यवृत्तीचे फॉर्म येतात आणि वर्गशिक्षिका म्हणून मीच ते भरते. जातीचा रकाना मीच भरते, रजिस्टरातही आणि कॉम्प्युटरवरही. तासाच्या मध्येच मी माझ्या वर्गातल्या तीन मुलांची नावं पुकारते, “दाखल्याची झेरॉक्स घेऊन ऑफिसात या.” ती तिघं उठतात, बाकीचे बघत राहतात, मी पुन्हा अपूर्णांकांकडे वळते. त्या वर्षी त्या तिघांत ती होती. यात काही चूक आहे असं मला तोवर वाटलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या रकान्यात काय आहे ते मला कधी आठवावंसुद्धा लागलेलं नाही, मग कुणी पुकारण्याचा प्रश्न कुठे येतो.

फेब्रुवारीत मी पाण्याची गोष्ट घेतली. आपल्याच जिल्ह्यातलं तळं, पनवेलहून एसटीनं तीन-साडेतीन तासांवर. त्या तळ्यावर गुरं पाणी प्यायची, पण काही माणसांना मनाई होती. मग एक माणूस हजारो लोकांना घेऊन तिथे चालत गेला आणि ओंजळभर पाणी प्याला. एवढीच गोष्ट. पण हल्लीच्या मुलांच्या दप्तरात कार्टूनच्या बाटल्या, घरी फिल्टर. पाण्याला हात लावायचा नाही म्हणजे काय, हे यांना कसं कळणार?

म्हणून मी खेळ योजला. शाळेत आल्या आल्या बाटल्या ऑफिसात जमा करायच्या. वर्गात एक माठ. सगळ्यांना चिठ्ठ्या. ज्याच्या चिठ्ठीवर काळा ठिपका, त्यानं माठाला हात लावायचा नाही. त्याला तहान लागली तर ओंजळ धरून उभं राहायचं आणि कोऱ्या चिठ्ठीवाल्या कुणीतरी वरून पाणी ओतायचं, त्याच्या मनात आलं तर. पहिला तास मैदानावर खेळायचा, म्हणजे तहान नक्की. मधल्या सुट्टीनंतर गोष्ट.

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? पालक ग्रुपवर काय टाकतील नेम नाही.”

“तळ्याची गोष्ट पाण्याशिवाय कशी सांगू?” मी म्हणाले. त्यांना पालकांची भीती वाटत होती, मला त्या मुलीची.

शुक्रवारी दुपारी स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या करायला बसले. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठी कापून तेहतीस चिठ्ठ्या केल्या, दहांवर स्केचपेनानं ठिपका काढला, घड्या घालून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. आणि हात थांबला. माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी ओंजळ धरून उभी राहिली. जिच्या पणजोबांनी हे खरंखुरं भोगलं असेल, तिला मी खेळात तरी का भोगायला लावू? आणि ती पुन्हा त्या खिळ्याकडे बघायला लागली तर? मला ते सहन झालं नसतं. मी उरलेल्या तीन चिठ्ठ्या वेगळ्या करायचं ठरवलं. कोरे कागद संपले होते, म्हणून वहीचं एक पान फाडलं. त्या तिन्ही बिनठिपक्याच्या केल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकल्या. ती तिघं सुटणार, कुणाला कळणार नाही. खरं सांगते, त्या वेळी मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

आमच्या शाळेतल्या मावशी बेलपाड्याच्या. माठ त्यांनीच घरून आणला होता. त्या दारात उभ्या राहून माझा उद्योग बघत होत्या. म्हणाल्या, “बाई, पानी मी भरनार, आन् कुनाला द्यायचं नाय ते चिठ्ठी ठरवनार?”

“खेळ आहे हो, मावशी.”

“आसंल. आमी तं दारात आलेल्याला आदी पानी इचारतो.” आणि केरसुणी घेऊन निघून गेल्या. मी पर्सची चेन लावली.

शनिवारी डबा घेऊन मी स्वतः बाकाबाकाशी फिरले. मुलं हात घालून चिठ्ठी काढत होती. त्या तिघांपाशी आले की मी डबा जरा वर धरायची आणि तळहातातली चिठ्ठी पुढे करायची. “ही घे, वरच निघाली होती.” तिसऱ्या बाकाशी माझा तळवा घामानं इतका ओला झाला होता की चिठ्ठी बोटाला चिकटली. तिनं ती घेतली, उघडली, बाकावर ठेवली. कोरी. सुटले एकदाची, असं मला झालं.

तिच्या मैत्रिणीला ठिपका आला. “मला आला, मला आला,” करत तिनं तो सगळ्यांना दाखवला, जशी काही लॉटरीच लागली. मैदानावरून आल्यावर तिचा तो उत्साह मावळला. माठासमोर ओंजळ धरून उभी राहिली आणि कुणी लगेच येईना, तेव्हा पहिल्यांदा तिची बडबड बंद पडली. मग ही तिसऱ्या बाकावरून उठली, लांब दांड्याचं ओगराळं माठात बुडवलं आणि हळूहळू मैत्रिणीच्या ओंजळीत धरलं. निम्मं पाणी मैत्रिणीच्या बाहीत गेलं. दोघी हसल्या. मी मनात म्हटलं, बघा, किती छान चाललंय.

गोष्ट झाली. ते दहा जण रांगेनं माठापाशी गेले आणि स्वतःच्या हातानं पाणी प्याले. त्या शेवटाआधी चिठ्ठ्या गोळा करायचं काम मी तिच्याकडेच दिलं होतं, कारण ती नीटनेटकी. ती बाकाबाकाशी जाऊन उघड्या चिठ्ठ्या घेत होती आणि मी फळ्यावर तळ्याचं चित्र काढत होते. मग मी विचारलं, कोण होता हा माणूस? सगळा वर्ग एकदम ओरडला. तिचं तोंड तेवढं बंद होतं. एक मूठ आवळलेली होती. मला वाटलं, भरून आलं असेल बिचारीला.

संध्याकाळी ग्रुपवर एका पालकांचा मेसेज आला, “मॅडम, आज मुलांना पाणी दिलं नाही म्हणे?” मी भलंमोठं उत्तर लिहिलं, मोठ्या बाईंचा फोन घेतला. एवढ्यावर निभावलं म्हणून देवापुढे दिवासुद्धा लावला.

खरं जे व्हायचं ते सोमवारपासून सुरू झालं. माठ वर्गातच राहिला होता आणि मुलांना तो आवडला होता. बाटल्या दप्तरात ठेवून सगळे माठाचं पाणी प्यायला लागले, माठाभोवती गर्दी व्हायला लागली. ती एकटी आपली बाटली काढायची, दोन घोट प्यायची, झाकण घट्ट लावायची. हात वर करणं बंद झालं. मंगळवारी विचारलं तर उभी राहिली आणि खिळ्याकडे बघायला लागली. बुधवारी मैत्रीण मला म्हणाली, “बाई, ही माझ्याशी पण नाही बोलत. मी काय केलं?” मला जेवण जाईना. ताप असेल, घरी काही झालं असेल, अशा शंभर शंका काढल्या. जी काढायला हवी होती ती सोडून.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी तिला थांबवलं. “बाळा, काय झालं? मला नाही सांगणार?”

तिनं कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या खाली ठेवलेल्या तीन चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या टेबलावर एकाशेजारी एक मांडल्या.

“या रेघांच्या आहेत, बाई. बाकीच्या सगळ्यांच्या बिनरेघांच्या होत्या.”

मी एक चिठ्ठी उचलली आणि परत ठेवली.

“एक माझी,” ती म्हणाली. “आणि या दोन त्या दोघांच्या. फॉर्मला आम्ही तिघंच जातो ना.”

दहा वर्षांची मुलगी. आवाजात राग नाही, रडू नाही. गणित करून दाखवावं तसं तिनं ते मला करून दाखवलं. आणि मी, हक्कांच्या गोष्टी सांगणारी मी, काय म्हणाले? म्हणाले, “अगं, कोरे कागद संपले होते.”

ते खरं होतं आणि ते संपूर्ण खोटं होतं. तिला दोन्ही कळलं. “हो, बाई,” म्हणाली, कंपासपेटी मिटली आणि बाहेर गेली. चिठ्ठ्या टेबलावरच राहिल्या. आयुष्यात मला पुष्कळ जण पुष्कळ बोललेत, सासूबाईंनी तर बोलायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पण त्या ‘हो, बाई’नं मला जेवढं लागलं तेवढं कशानं लागलं नाही.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. गोष्टीचा तास मी बुडवला, मुलांना चित्रं काढायला दिली आणि फोन हातात धरून बसले. वाजला की दचकायची. तिच्या घरून तक्रार येईल, वर्ग बदलून मागतील, शाळाच सोडतील. तक्रारीची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती अशी होती की ती मुलगी आता कुठल्याच शाळेत, कुठल्याच बाईसमोर तोंड उघडणार नाही, आणि ते मी केलेलं असेल.

शाळा सुटल्यावर रिक्षा केली आणि विचुंब्याला गेले. वाटेत काय बोलायचं ते चार वेळा जुळवलं. त्यांच्या इमारतीखाली उतरले तेव्हा त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं.

दार तिच्या आईनं उघडलं. नाइट ड्यूटी करून आल्या असाव्यात, डोळे तांबारले होते. “या, मॅडम. तिला जरा कणकण आहे.” मला बसवलं, पाण्याचा ग्लास आणून दिला. मी तो एका दमात, घटाघटा संपवला.

“सावकाश प्या,” त्या म्हणाल्या. “प्यालात हे दिसलं मला.”

मी ग्लास खाली ठेवला. जमिनीनं पोटात घ्यावं तर ती तीन मजले खाली होती.

मग मी सगळं सांगितलं. वहीचं पान, पर्स, तळहात, कागद संपल्याचं खोटं. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, “चिठ्ठ्यांचं तिनं मला सांगितलंच नाही. परवा फक्त विचारलं, आई, आपण काय आहोत ते बाईंना माझ्याकडे बघून कळतं का?”

मी रिकामा ग्लास बाजूला सरकवला.

“तुम्हाला तिला वाचवायचं होतं, हे समजतं मला. पण कुणापासून, मॅडम? ठिपका आला असता तर घरी येऊन सांगितलं असतं तिनं, आई, आज मी तहानलेली राहिले, अमकीनं पाणी दिलं, तमक्यानं नाही दिलं. सगळ्यांसारखी एक. आता ती काय सांगणार? खेळातसुद्धा मला वेगळं काढलं?” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. “कल्याणला होतो तेव्हा एका बाईंनी तिला नाटकात घेतलं नव्हतं. तुमच्या शाळेत आल्यावर ती शनिवारची वाट बघायची. मी म्हटलं, चला, सुटलो.”

“माझं चुकलं,” मी म्हणाले.

“मला सांगू नका. तिला सांगा.”

ती आतल्या दारात उभीच होती, किती वेळ कोण जाणे. अंगावर शाल, केस विस्कटलेले. मी तिच्यासमोर खाली बसले. “कागद संपले होते ते खरं आहे,” मी म्हटलं. “पण चिठ्ठ्या मी मुद्दाम वेगळ्या केल्या. तुम्हा तिघांना ठिपका येऊ नये म्हणून. रजिस्टरमधला तुमचा जातीचा रकाना मला माहीत होता म्हणून. मी चुकले, आणि वर तुझ्याशी खोटं बोलले.”

ती माझ्याकडे बघत होती. खिळ्याकडे नाही, माझ्याकडे.

“त्या दोघांना सांगितलं?”

“सोमवारी सांगेन.”

“मग परत खेळायचं,” ती म्हणाली. “चिठ्ठ्या मी करणार. डबा पण मी फिरवणार. आणि तुम्हाला पण काढावी लागेल.”

मी तिच्या आईकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला माझीच भीती दिसली. “अगं, तुलाच आली तर?” त्या म्हणाल्या.

“तेच तर,” ती म्हणाली.

सोमवारी मी त्या दोघांना बाजूला घेऊन सांगितलं. एक जण म्हणाला, “मला वाटलंच,” दुसऱ्याला काही कळलं नाही किंवा त्यानं कळू दिलं नाही. पुढचा शनिवार येईपर्यंत मी रोज मनात खेळ रद्द करत होते. मोठ्या बाई हो म्हणाल्या, पण “या खेपेला निस्तरायला मी नाही” हे ऐकवून. मावशींनी माठ घासून भरला.

तिनं चिठ्ठ्या पट्टीनं आखून कापल्या होत्या, सगळ्या एकाच कागदाच्या. सदतीस, कारण एक माझी. ठिपके दहाच. घड्या वर्गासमोर घातल्या, डबा वर्गासमोर हलवला. मग फिरायला लागली. माझ्यापाशी आली तेव्हा मी हात घातला. मला ठिपका यावा, एवढंच मागितलं. इतक्या कळवळून याआधी कधी काही मागितलं नव्हतं. उघडली. कोरी.

शेवटची चिठ्ठी उरली ती तिची. नऊ ठिपके निघाले होते. मोजायला कुणाला सांगावं लागलं नाही. तिनं डबा उलटा केला, चिठ्ठी तळहातावर पडली. उघडली.

“बाई, मला आली,” ती म्हणाली. आणि हसली. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत तिचे, ते मला तोवर माहीत नव्हतं. “बघा ना, मला आली.” चिठ्ठी तिनं मैत्रिणीला दाखवली, त्या दोघांना दाखवली, त्यांतल्या एकानं तिला टाळी दिली.

मैदानावरून मुलं लालबुंद होऊन आली. ती सरळ माठापाशी गेली. मैत्रीण ओगराळ्याकडे धावली, तर तिनं मान हलवली. “तू नको. बाईंना दे.”

“मी कशाला?” मी म्हणाले.

“तुमची कोरी आहे ना. नियम आहे, बाई.”

पस्तीस मुलं बघत होती. मी ओगराळं घेतलं, माठात बुडवलं. तिनं ओंजळ धरली, मान वर केली. माझ्या हातून ते होईना. हात इतका थरथरत होता की पहिली धार तिच्या गालावर गेली. तिनं ओंजळ जरा सरकवली आणि वाट बघितली. मग मी ओतलं. ती प्याली, ठसकली, पुन्हा ओंजळ धरली. तीन वेळा मी त्या मुलीला वरून पाणी घातलं. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

मधल्या सुट्टीनंतर ते दहा जण रांगेनं माठापाशी गेले, या वेळी सगळ्यात पुढे ती. स्वतःच्या हातानं ओगराळं बुडवलं, ग्लास भरला, सगळ्यांदेखत सावकाश प्याली. माणसाचं नाव मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, खेळताना काय वाटलं? मैत्रीण म्हणाली, मागच्या वेळी मला फार राग आला होता. एक जण म्हणाला, मला शूला जायचं होतं.

तिनं हात वर केला.

“वरून ओतलं ना, बाई, की पाणी नाकात जातं,” ती म्हणाली. “आणि ओतणाऱ्याचं तोंड दिसत नाही. नुसता हात दिसतो.” मग माझ्याकडे बघितलं. “तुमचा हात हलत होता.”

वर्गात कुणी हसलं नाही. मावशी फडकं घेऊन आत आल्या आणि माठाखाली सांडलेलं पाणी पुसायला लागल्या.